वर ६३, खाली ५१: मल्टी-व्हॅल्यू पॅरामीटरमध्ये नेमकं काय निवडलंय हे तपासताना

दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. महिन्याचं तिसरं बिल, म्हणजे २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या दुधाचं, बँकेत जमा व्हायच्या दिवशी सकाळी पहिला फोन आला तो १५३ नंबरच्या दूध संस्थेच्या सचिवांचा. त्यांच्या संस्थेचे पैसे आले नव्हते. पाठोपाठ १४९, मग १५८. दुपारपर्यंत एकूण १३ संस्था झाल्या आणि सगळ्या पूर्वेकडच्या रूटवरच्या, म्हणजे दूध संकलनाच्या मार्गांवरच्या.

मी ज्या दूध संघात रिपोर्टचं काम पाहतो, तिथे पैसे वर्ग करण्याची फाईल वेगळ्या प्रणालीतून निघते. त्या फाईलमध्ये चूक नव्हती. चूक तिच्या आधीच्या पायरीवर झाली होती. कोणत्या रूटसाठी किती रक्कम खात्यात तयार ठेवायची, हे हिशेब विभाग एका छापील गोषवाऱ्यावरून ठरवतो. तो गोषवारा एसएसआरएसमधून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेसमधून निघतो आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. गोषवाऱ्यात रक्कम कमी आली, तेवढीच खात्यात ठेवली गेली आणि फाईलमधल्या शेवटच्या संस्थांना पैसे पुरले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते जमा झाले. पण दुधाच्या पैशावर ज्या घरांचा किराणा, पेंड आणि मुलांची फी ठरलेली असते, तिथे एक दिवसही लहान नसतो. म्हणून हे प्रकरण पूर्ण लिहून ठेवतो आहे.

हिशेबातल्या ताईंनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. त्यांनी पेन्सिलने दोन ठिकाणी गोल केले होते. "दादा, वर लिहिलंय निवडलेल्या संस्था ६३. खाली मोजल्या तर ओळी ५१. आणि पहिलीच ओळ १४ नंबरची. ती संस्था या रूटवर आलीच कशी?"

सगळं प्रकरण त्या दोन गोलांत होतं.

रिपोर्टची रचना

संघाकडे १६० प्राथमिक संस्था आणि ९ रूट. संस्थांना नंबर मिळाले ते ज्या क्रमाने त्या संघाला जोडल्या गेल्या त्या क्रमाने. पूर्वेकडचे ७, ८ आणि ९ हे रूट सगळ्यात शेवटी सुरू झाले, त्यामुळे तिथल्या संस्थांचे नंबर ९८ ते १६० असे सलग आहेत. म्हणजे ६३ संस्था.

रिपोर्टला पाच पॅरामीटर, म्हणजे रिपोर्ट काढताना निवडायच्या बाबी, आहेत: तारखेपासून, तारखेपर्यंत, दुधाचा प्रकार, रूट आणि संस्था. शेवटचे तीन मल्टी-व्हॅल्यू, म्हणजे ड्रॉपडाउनमध्ये टिक करून एकाहून अधिक निवडता येणारे. आधी रूट निवडायचा, मग त्या रूटच्या संस्था खालच्या यादीत येतात.

ही सोय एसएसआरएसमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून आहे. वापरणाऱ्याला ती एक सरळ टिक-यादी दिसते. आतून मात्र तो पॅरामीटर एक मूल्य राहत नाही, तो मूल्यांचा ॲरे, म्हणजे क्रमाने लावलेली यादी, होतो. त्याला व्हॅल्यू (मूल्य) असते, लेबल (दिसणारं नाव) असतं, काउंट (निवडलेल्यांची संख्या) असतो. पहिलं मूल्य हवं असेल तर कंसात शून्य लिहायचं, दुसरं हवं असेल तर एक. एकच मूल्य असल्यासारखं त्याच्याशी वागलं की "एरर" छापून येतं किंवा चुकीचं उत्तर मिळतं. एरर निदान दिसते तरी.

(पुढे एक्स्प्रेशन, म्हणजे रिपोर्टमधली छोटी सूत्रं, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टूलमध्ये ती रोमन अक्षरांतच लिहावी लागतात.)

या रिपोर्टमध्ये निवडलेली मूल्यं तीन ठिकाणी तपासली जात होती. एक, मथळ्यात "सर्व संस्था" लिहायचं की "निवडलेल्या संस्था" आणि त्यांची संख्या. दोन, १४ नंबरची संस्था निवडली आहे का? ही संस्था संघाचा बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवण्याची मोठी टाकी, चालवते आणि तिला त्याचं वेगळं कमिशन मिळतं, म्हणून ती निवडली असेल तरच कमिशनचा तक्ता दाखवायचा. तीन, डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसिजरकडे, म्हणजे तिथे साठवलेल्या तयार प्रोग्रॅमकडे, संस्थांची यादी पाठवायची आणि तिथे तेवढ्याच संस्थांचा डेटा गाळून घ्यायचा.

तीनही ठिकाणी तपासणी कच्ची होती. त्यातल्या दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं आणि म्हणून त्या इतके महिने टिकल्या.

पहिली चूक: १४ शोधताना ११४ सापडणं

कमिशनचा तक्ता केव्हा दाखवायचा, याची अट अशी होती:

इनस्ट्र(जॉइन(पॅरामीटर्स!संस्था.व्हॅल्यू, ","), "१४") > ०

जॉइन सगळी मूल्यं स्वल्पविरामाने जोडून एक लांब मजकूर तयार करतं आणि इनस्ट्र त्यात "१४" कुठे आहे ते पाहतं. वाचायला सोपं, लिहायला झटपट, आणि शेकडो रिपोर्टमध्ये असंच लिहिलेलं असतं. पण इनस्ट्रला संस्था कळत नाहीत, त्याला अक्षरं कळतात. "९८,९९,११४" या मजकुरात "१४" आहेच, ११४ च्या पोटात. १४० ते १४९ पर्यंतच्या प्रत्येक नंबरातही आहे.

त्यामुळे पूर्वेकडच्या रूटचा रिपोर्ट काढला की १४ निवडलेली नसतानाही बल्क कूलरचा तक्ता यायचा. मात्र रिकामा, कारण डेटाबेसकडून १४ च्या ओळी आलेल्या नसायच्या. वरचं शीर्षक आणि खाली मोकळी चौकट. ही तक्रार माझ्याकडे आधीच आली होती. आकड्यांवर परिणाम नाही असं पाहून मी ती मागे ठेवली होती. ती माझी चूक. तक्ता रिकामा असतो याची हिशेब विभागाला इतकी सवय झाली की तो भरलेला आला त्या दिवशी कोणाचं लक्षच गेलं नाही.

स्ट्रिंगमध्येच शोधायचं असेल तर दोन्ही टोकांना विभाजक लावून शोधावं लागतं. म्हणजे जोडलेल्या मजकुराच्या आधी एक स्वल्पविराम, शेवटी एक स्वल्पविराम, आणि शोधायचं ते ",१४,". मग ११४ सापडत नाही, कारण त्यातल्या १४ च्या आधी स्वल्पविराम नसून १ आहे. हा उपाय चालतो आणि जुन्या रिपोर्टमध्ये पटकन बसवता येतो. पण आपल्याला प्रश्न पडला आहे तो ॲरेबद्दल, मग मजकुराला कशाला विचारायचं? थेट ॲरेला विचारावं:

ॲरे.इंडेक्सऑफ(पॅरामीटर्स!संस्था.व्हॅल्यू, १४) > -१

मूल्य सापडलं तर त्याची जागा मिळते, शून्यापासून मोजलेली. नाही सापडलं तर उणे एक. इथे "> ०" लिहून भागत नाही. शोधलेलं मूल्य यादीत पहिलंच असेल तर उत्तर शून्य येतं आणि ते निवडलेलंच नाही असं ठरतं.

मी हे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सवयीने १४ अवतरणचिन्हांत टाकलं, आणि तक्ता कधीच दिसेना, १४ निवडूनसुद्धा. हा पॅरामीटर पूर्णांक प्रकारचा आहे. ॲरेमध्ये आकडा १४ आहे आणि मी शोधत होतो मजकूर "१४". इंडेक्सऑफ प्रकार बदलून पाहत नाही, दोन्हींचा प्रकार आणि मूल्य जुळलं तरच होकार देतं. पुढे तर याहून बारीक अडचण आली. निवडलेल्या संस्थांच्या ओळी एका दुसऱ्या तक्त्यात ठळक करायच्या होत्या, म्हणून स्थिर आकड्याऐवजी फील्डचं मूल्य दिलं. परत उणे एक. दोन्हीकडे आकडेच, तरी जुळत नव्हते. कारण टेबलमधला संस्था-कोडचा कॉलम स्मॉलइंट आहे, तो १६ बिटांचा पूर्णांक म्हणून येतो, आणि रिपोर्टचा पूर्णांक पॅरामीटर ३२ बिटांचा असतो. फील्डला सीइंटमध्ये, म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक करून देणाऱ्या फंक्शनमध्ये, गुंडाळलं आणि जुळलं.

मजकुराचे पॅरामीटर असतील तर वेगळी काळजी. एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं कोलेशन, म्हणजे मजकूर ताडून पाहण्याचे नियम, लहान-मोठं रोमन अक्षर एकच मानतं आणि समानता तपासताना शेवटच्या मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करतं. रिपोर्टमधलं इंडेक्सऑफ दोन्ही गोष्टी मानत नाही. कॅर, म्हणजे ठरावीक लांबीच्या मजकुराच्या, कॉलममधून आलेल्या कोडच्या मागे मोकळ्या जागा चिकटलेल्या असतात, त्यामुळे डेटाबेसमध्ये जुळणारी मूल्यं रिपोर्टमध्ये जुळत नाहीत.

मराठी नावांत तर हे आणखी वाढतं. "कऱ्हाड" या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतो, र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो, आणि पुष्कळ जुन्या नोंदींत र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या पद्धतीनेही सापडतो. पडद्यावर तीनही "कऱ्हाड"च दिसतात. अक्षरशः तुलना केली तर हे तीन वेगळे शब्द आहेत. म्हणून पॅरामीटरचं मूल्य कायम कोड असावं आणि नाव लेबलमध्ये असावं, यावर मी ठाम आहे. छापायला नावं हवी असतील तर व्हॅल्यूऐवजी लेबलचं जॉइन करावं. तपासणी कोडवरच करावी.

दुसरी चूक: २०० अक्षरांचं दार

आता ती पहिली ओळ. १४ नंबरची संस्था निवडलेली नव्हती, तरी तिचा डेटा आला कसा?

सुरुवातीला मला वाटलं, वापरणाऱ्याने चुकून टिक केली असेल. हे तपासता येतं. रिपोर्ट सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये एक्झिक्युशन लॉग असतो आणि त्यातल्या पॅरामीटर्स कॉलममध्ये त्या वेळी निवडलेलं प्रत्येक मूल्य साठवलेलं असतं. सेटिंग बदललेलं नसेल तर ६० दिवसांच्या नोंदी राहतात. तिथे संस्था ९८ पासून १६० पर्यंत, पूर्ण ६३. चौदा नाही. टिक करणाऱ्याची चूक नव्हती.

मग डेटाबेसकडे काय जातंय ते एक्स्टेंडेड इव्हेंट्स, म्हणजे सर्व्हरवरच्या घडामोडी नोंदवणारी सोय, लावून पाहिलं. प्रोसिजरची हाक बरोबर होती, ६३ कोडांची पूर्ण यादी तिच्यात दिसत होती. इथे माझा अर्धा दिवस गेला, कारण यादी पूर्ण पोहोचते आहे असं मी धरून बसलो आणि प्रोसिजरच्या आतल्या टेबलं जोडण्याच्या आणि तारखांच्या अटी उकरत राहिलो. शेवटी प्रोसिजरची पहिली ओळ पाहिली. संस्थांच्या यादीचा पॅरामीटर व्हारकॅर(२००), म्हणजे जास्तीत जास्त २०० अक्षरांचा, होता.

९८ ते १६० हे कोड स्वल्पविरामांनी जोडले तर २४९ अक्षरं होतात. टेबलच्या कॉलममध्ये मोठा मजकूर घालायला गेलं तर एसक्यूएल सर्व्हर सहसा त्रुटी देतो. प्रोसिजरच्या पॅरामीटरमध्ये मात्र तो जास्तीचा मजकूर गुपचूप कापतो. ना त्रुटी, ना इशारा. हाक पूर्ण दिसते, आत येताना २०० अक्षरांवर कात्री लागते.

कात्री कुठे लागली ते हाताने मोजलं. "९८,९९," ही ६ अक्षरं. त्यापुढे प्रत्येक कोड तीन अंकांचा आणि एक स्वल्पविराम, म्हणजे ४. शंभरपासून १४७ पर्यंत ४८ कोड, १९२ अक्षरं. एकूण १९८. उरली दोन. त्या दोन जागांत १४८ मधलं फक्त "१४" बसलं.

म्हणजे १४८ ते १६० या १३ संस्था गळल्या आणि त्यांच्या जागी, कोणीही न निवडलेली १४ नंबरची संस्था आत आली. पन्नास खऱ्या आणि एक परकी, एकूण ५१. ज्या १३ संस्थांना पैसे मिळाले नाहीत त्या नेमक्या याच का, हेही कळलं. फाईल कोडच्या क्रमाने चालते, त्यामुळे तुटवडा शेवटच्यांच्या वाट्याला आला.

यादी जिथे कापली गेली तिथे "१४८" ऐवजी काही निरर्थक उरलं असतं, तर आकड्यात रूपांतर करताना प्रोसिजर तिथेच अडकली असती आणि आम्हाला कळलं असतं. कापलेला तुकडाही एक खरा, चालू कोड निघाला. आणि त्या कोडचा तक्ता पूर्वेच्या रिपोर्टमध्ये चुकून दिसण्याची सगळ्यांना आधीपासून सवय होती.

हे आधी का घडलं नाही? कारण तोपर्यंत सगळे एकेका रूटचा रिपोर्ट काढत. एका रूटवर वीस-बावीस संस्था, फार तर ८७ अक्षरं. त्या बिलाला पूर्वेच्या तीन रूटची मिळून एकच बेरीज हवी होती, म्हणून तीनही रूट एकदम निवडले. आणि सगळ्या १६० संस्था निवडल्या तरी काही बिघडत नसे, कारण "सर्व" साठी एक आडवाट केलेली होती.

"सर्व" म्हणजे कोणते सर्व?

यादीच्या वर "सिलेक्ट ऑल" अशी ओळ टूल स्वतःच घालतं. २००५ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये ती काढली होती आणि दुसऱ्यात परत आणली. पण ते एक मूल्य नाही. त्यावर टिक केली म्हणजे यादीतल्या प्रत्येक मूल्यावर टिक होते, इतकंच. वापरणाऱ्याने ती ओळ टिक केली होती का, हे रिपोर्टला विचारायची सोय नाही. निवडलेल्यांची संख्या आणि उपलब्ध असलेल्यांची संख्या ताडून पाहणं हा एकच मार्ग.

आमच्या रिपोर्टमध्ये ताडून पाहिलं जात होतं, पण थेट १६० या आकड्याशी. काउंट १६० असेल तर यादीऐवजी "०" पाठवायचं आणि प्रोसिजरने शून्य आलं की गाळायचंच नाही. एकशेएकसष्टावी संस्था जोडली गेली असती त्या दिवशी "सर्व" ओळखलं गेलं नसतं, पूर्ण यादी त्या २०० अक्षरांच्या दारातून गेली असती आणि निम्म्याहून अधिक संघ रिपोर्टमधून गायब झाला असता.

यावरचा सर्रास सांगितला जाणारा उपाय असा: काउंटची तुलना पॅरामीटरच्या डेटासेटच्या (म्हणजे ती यादी पुरवणाऱ्या क्वेरीच्या) काउंटरोजशी, म्हणजे एकूण ओळींशी करा. साध्या यादीला तो ठीक आहे. इथे तो घातक ठरला असता. संस्थांची यादी रूटवर अवलंबून आहे. तीन रूट निवडले की त्या डेटासेटमध्ये ६३ च ओळी येतात, त्या सगळ्या टिक केल्या की ६३ बरोबर ६३, म्हणजे "सर्व", म्हणजे "०", आणि रिपोर्टमध्ये पूर्ण संघ. कोणाच्या तुलनेत सर्व, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मी चालू संस्थांची संख्या देणारा एक छोटा स्वतंत्र डेटासेट केला, रूटशी संबंध नसलेला, आणि "सर्व संस्था" हा मथळा त्याच्याशी ताडून ठरतो. शून्याची आडवाट मात्र पूर्ण काढून टाकली. सगळ्या १६० कोडांची यादी केवळ ५३१ अक्षरांची आहे, ती वाचवायला वेगळा रस्ता कशाला?

या शोधात आणखी एक गोष्ट कळली. दोन नव्या, त्या १६० मध्ये अजून न धरलेल्या संस्थांना रूट दिलेला नव्हता, कॉलम नल, म्हणजे मूल्यच नसलेला होता. मल्टी-व्हॅल्यू पॅरामीटरला नल हे मूल्य घेता येत नाही, त्यामुळे रूटच्या यादीतून त्या दोघी कधी निवडताच येत नव्हत्या. आता नलच्या जागी शून्य आणि लेबल "रूट ठरलेला नाही".

दुरुस्ती

प्रोसिजरचा पॅरामीटर एनव्हारकॅर(मॅक्स), म्हणजे लांबीची अडचण नसलेला युनिकोड मजकूर, केला. कोडांसाठी व्हारकॅर पुरलं असतं, पण दुधाच्या प्रकाराचा पॅरामीटर "गाय", "म्हैस" अशा मराठी मजकुराचा आहे आणि तिथे व्हारकॅर असता तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली असती. २०१९ पासूनचं यूटीएफ-८ कोलेशन लावलेलं नसेल तर असंच होतं. दोन्हीकडे एकच पद्धत ठेवली. यादी फोडायला स्ट्रिंग_स्प्लिट, जे २०१६ पासून आहे. जोडण्यासाठी डेटासेटच्या पॅरामीटरमध्ये जॉइन स्वतः लिहिलं. प्रोसिजर असेल तर एसएसआरएस मूल्यं आपणहून स्वल्पविरामाने जोडतं, पण स्वतः लिहिलं की विभाजक आपल्या हातात राहतो. एखाद्या मूल्यातच स्वल्पविराम असला, उदाहरणार्थ "पिंपळगाव, वरचे", तर फोडताना त्याचे दोन तुकडे होतात. तिथे उभी रेघ वापरता येते.

डेटासेटमध्ये प्रोसिजरऐवजी थेट क्वेरी लिहून "इन" मध्ये पॅरामीटर दिला असता तर हा प्रश्नच आला नसता, कारण तिथे एसएसआरएस स्वतः मूल्यांची पूर्ण यादी क्वेरीत उलगडतं. पण हीच प्रोसिजर दुसरा एक प्रोग्रॅमही वापरतो, म्हणून ती ठेवली.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची दुरुस्ती. प्रोसिजरला एक नवा पूर्णांक पॅरामीटर दिला: अपेक्षित संख्या. रिपोर्ट त्यात पॅरामीटर्स!संस्था.काउंट पाठवतो. प्रोसिजर यादी फोडते, तुकडे मोजते, आणि संख्या जुळली नाही तर थ्रो करून, म्हणजे मुद्दाम त्रुटी देऊन, तिथेच थांबते. रिपोर्ट येतच नाही. यावर चर्चा झाली. एकाचं म्हणणं होतं की रिपोर्ट येऊ द्यावा, वर लाल पट्टी दाखवावी. मी मान्य केलं नाही. बिलाच्या दिवशी घाईत पट्टीकडे कोण पाहणार? रिकाम्या चौकटीकडे तरी कोणी पाहिलं होतं? थ्रोचा मूळ संदेश दूरच्या संगणकावर बसलेल्याला एरवी दिसत नाही, "डेटासेटची क्वेरी चालली नाही" एवढंच दिसतं. त्यासाठी सर्व्हरवर रिमोट एरर दाखवण्याचं सेटिंग सुरू करून घेतलं.

ओळी कमी दिसल्या तरी कोणाला शंका का आली नाही, याचंही कारण होतं. त्या दहा दिवसांत ज्या संस्थेने दूध घातलं नाही तिची ओळच रिपोर्टमध्ये येत नसे. त्यामुळे वरची संख्या आणि खालच्या ओळी यांत एक-दोनचा फरक नेहमीचाच. आता क्वेरीची सुरुवात फोडलेल्या यादीपासून होते आणि संकलन तिला लेफ्ट जॉइनने, म्हणजे यादीतली एकही ओळ न गाळता, जोडलं जातं. दूध नसेल तर ओळ येते आणि तिथे "संकलन नाही" असं लिहिलेलं असतं. वरची संख्या आणि खालच्या ओळी आता कायम सारख्याच असतात. ताई अजूनही पेन्सिलने मोजतात आणि मोजत राहाव्यात असंच मला वाटतं.

आणखी दोन गोष्टी वाटेत सापडल्या. संस्थेच्या नावावर क्लिक केलं की उघडणाऱ्या तपशिलाच्या रिपोर्टला दुधाचा प्रकार पाठवताना व्हॅल्यूच्या मागे कंसात शून्य होतं. एक्स्प्रेशनच्या खिडकीत मल्टी-व्हॅल्यू पॅरामीटरवर डबल-क्लिक केलं की टूल ते शून्य स्वतःच घालतं. त्यामुळे गाय आणि म्हैस दोन्ही निवडलं तरी तपशिलात फक्त गाय. शून्याचा कंस काढला. आणि एका मथळ्यात आयआयएफ (अट पाहून दोनपैकी एक उत्तर देणारं फंक्शन) वापरून "दोन निवडले असतील तर दुसरंही छाप" असं लिहिलं होतं. आयआयएफ दोन्ही फांद्या चालवून पाहतं, त्यामुळे एकच निवडलं की नसलेल्या दुसऱ्या मूल्याला हात लागून मथळ्यात एरर यायची. तिथे सरळ जॉइन घातलं. एक असो, दोन असोत, ते चालतं.

तपासायला निवडी ठरवून घेतल्या: फक्त १४. फक्त ११४. १४ आणि १४० एकत्र. ९८ ते १६०. एकाच रूटच्या सगळ्या. संघाच्या सगळ्या. काहीच न निवडणं टूल होऊ देत नाही, किमान एक टिक लागतेच. प्रत्येक निवडीला मथळ्यातली संख्या, ओळी आणि कमिशनचा तक्ता कागदावर लिहून ताडून पाहिला. त्या ६३ च्या निवडीवर जुनी प्रोसिजर परत एकदा चालवून ५१ ओळी येतात हेही पाहिलं, म्हणजे कारण तेच होतं याबद्दल शंका उरली नाही.

मग सर्व्हरवरच्या इतर प्रोसिजर पाहायला घेतल्या. सिस.पॅरामीटर्स या डेटाबेसच्या अंतर्गत यादीत (कॅटलॉग व्ह्यूमध्ये) प्रत्येक पॅरामीटरची लांबी असते. मॅक्स असेल तिथे उणे एक दिसतं, आणि एनव्हारकॅरची लांबी बाइटमध्ये असल्यामुळे दुप्पट दिसते. यादी घेणारे आणि लांबी अपुरी असलेले पॅरामीटर निवडून काढले. त्यातल्या वाहतूक खर्चाच्या प्रोसिजरमध्ये रूटचा पॅरामीटर नुसता व्हारकॅर लिहिला होता, लांबीच दिली नव्हती. पॅरामीटरला लांबी दिली नाही तर ती एक अक्षराची धरली जाते. हा रिपोर्ट एका वेळी एकाच रूटचा काढतात आणि रूट १ ते ९, त्यामुळे आजवर तो अचूक चालला. दहावा रूट पुढच्या महिन्यात सुरू होणार होता.